टिकाराम घरीच होता

"बायकोले घेऊन मंडईले गेलो होतो जी," टिकाराम म्हणाला.

दाराआड उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, सुमित्राबाईने ते ऐकलं. इतकं गोड खोटं तो आजवर तिच्याशीसुद्धा कधी बोलला नव्हता.

ओसरीत खुर्ची टाकून बसलेल्या पोलीस जमादाराला काही घाई नव्हती. विणकरांना सूत पुरवणाऱ्या भैय्याजीच्या गोदामाचं कुलूप तोडून कोशाच्या रेशमी सुताचे गठ्ठे कोणीतरी नेले होते. तेही भर दुपारी, अर्धा कोष्टी मोहल्ला शेजारच्या गावी मंडईला गेलेला असताना. दिवाळीनंतरची मंडई ही जत्रा म्हणजे सासरी गेलेल्या लेकी-बहिणींच्या भेटीचा दिवस, घरी थांबतो कोण? आणि सुताच्या प्रतीवरून टिकारामचं भैय्याजीशी नुकतंच चारचौघांत वाजलं होतं. संशय आणखी कोणावर जायचा?

"दंडार पाहिली मंडईत? सोंगं, नाचगाणं?"

"पाहिली ना जी."

"कोणत्या गावची होती?"

टिकाराम खांद्यावरचा पंचा सारखा करू लागला. जमादार दाराकडे वळला. "बाई, बाहेर या. नवऱ्यानं काय घेऊन दिलं मंडईत?"

"बांगड्या," ती बोलून गेली.

जमादाराने तिच्या हातांकडे पाहिलं. डाव्या हातात बांगडी नव्हती, नुसते काचेचे ओरखडे होते. तिने हात पदराखाली घेतला, पण उशीर झाला होता.

"नव्हते गेले जी," ती खाली पाहत म्हणाली. "घरीच होते. दिवसभर."

"मग हा मंडई कायले सांगून राहिला?"

आता काय सांगावं? घरी होता म्हटलं, की घरी काय करत होता तेही आलं. विहिरीवर पाय घसरला, मागाचं लाकूड लागलं, असं सांगता सांगता तिची उमर गेली होती. आणि तो शहाणा! भजनात पेटी वाजवणारा, मोहल्ल्यातला भला माणूस. चोर म्हणून गाडीत बसायला तयार होता, पण खरं सांगायला तयार नव्हता.

"बायको तर म्हणनच घरी होता म्हणून," जमादार उठला. "चल रे, बस गाडीत."

अंगणात मोहल्ला गोळा झालेला होता. सगळे हाताची घडी घालून उभे. त्यातून भिंतीला भिंत लागून राहणारा परसराम पुढे आला.

"साहेब, टिकाराम घरीच होता."

"तू पाहिलं?"

"पाहिलं नाही जी. आयकलं."

"काय आयकलं?"

परसरामने चपलेने माती उकरली. "मारत होता जी हिले. मंडईचा ट्रॅक्टर लोकं घेऊन निघाला तवापासून. पार दिवेलागणीपर्यंत, मधात मधात."

टिकारामने मान खाली घातली. सुमित्राबाईला वाटलं, भर अंगणात कोणी अंगावरचं लुगडं ओढलं.

"त्याच दिवशीचं कशावरून?" जमादाराने विचारलं. "मारणारा माणूस काही एकच दिवस मारत नाही."

"बाकी दिवशी मी उठून पानठेल्यावर जातो जी," परसराम म्हणाला. "त्या दिवशी पानठेला बंद होता."

हे ऐकून त्याची बायको सुमनबाई पुढे सरसावली. बिचारीला मदतच करायची होती. शेजारच्या घरातला माणूस उगाच चोर ठरतो म्हणजे काय!

"मंडईचाच दिवस होता साहेब, मले पक्कं ठाऊक हाय. सुमित्रा म्हणत होती ना, 'बहीण येऊन राहिली हो, एक घडी भेटून येतो, पाया पडतो तुमच्या.' घडी घडी तेच म्हणे. मग म्या माग सुरू केला, जोरानं. पोट्टे आयकतात ना बाप्पा."

मग ज्याचं त्याचं तोंड उघडलं. एकाने ताट आपटल्याचं ऐकलं होतं, एकीने बांगड्या फुटल्याचं. पलीकडची म्हातारी म्हणाली, मी देवाचं नाव घेत बसली होती. जमादार ऐकत गेला आणि त्याचा चेहरा आंबट होत गेला. इतके साक्षीदार त्याला उभ्या नोकरीत एका जागी भेटले नव्हते.

"जा," तो टिकारामला म्हणाला. "तू चोर नाहीस." हे त्याने शिवी दिल्यासारखं म्हटलं.

"सुटला बाप्पा!" मागून कोणीतरी बोललं. पण त्याला कोणी साथ दिली नाही. आपण इतका वेळ काय सांगत होतो, ते एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं होतं. परसराम उगाच आभाळाकडे पाहू लागला. टिकाराम सुटूनही जागचा हलला नाही.

"बाई, तक्रार द्यायची हाय का?" जमादाराने विचारलं.

सुमित्राबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती सुमनबाईकडे पाहत होती.

"तुले माहे बोल बी आयकू येत होते?"

सुमनबाईने होकारार्थी मान हलवली. नाही म्हणायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती.

"मी तर हळूच बोलत होती. मग म्याच पदराचा बोळा तोंडात कोंबला. दरखेपी कोंबतो." सुमित्राबाईने अंगणातल्या एकेका तोंडाकडे पाहिलं. आवाज मात्र चढला नाही. "मले वाटे, कोणालेच आयकू येत नाही. म्हणून तर इतके साल मले तुमचा कोणाचा राग नव्हता."