वच्छलाचा उजवा हात

"हालू नोको म्हटलं ना!" जानराव खेकसला आणि वच्छलाचा उजवा हात त्यानं पुन्हा पाटावर दाबून धरला.

एरवी या पाटावर लाकडी मासे रंगत. अचलपुरात जानराव चिताऱ्याचे पोरासोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदीबैल घरोघरी होते, पण त्याला खरा मान दिला तो या माशांनी. परतवाड्याचे साहेब लोक सुटी पडली की मेळघाटातल्या डोहांवर गळ टाकून बसत. गळाला खरं आमिष लावायचं नाही, जानरावाचा मासा लावायचा. वीतभर लाकडावर अभ्रकाची पूड, वर लाखेचं पाणी, त्यावर रंगाचा हात. हातात धरला तर मासा अगदी साधा. पाण्यात बुडाला की मात्र असा धूपछाव चमकायचा, हिरवा म्हणावा तर जांभळा, की डोहातला मोठा मासा आ वासून तुटून पडायचा. एकदा एका साहेबानं जानरावाच्या पाठीवर थाप मारली. ती थाप तो अजून गावभर सांगत हिंडत होता.

आज पाटावर पोरीचा हात होता. बोटांपासून मनगटापर्यंत पांढरं कोड. बाकी अंगावर कुठे डाग म्हणून नाही. पण बाकीचं अंग विचारतो कोण? तीन स्थळं हात पाहूनच उठली होती. तिसऱ्यांनी तर पुढे केलेलं पानही उचललं नाही. आज नांदगाव खंडेश्वरहून नत्थुजी यायचे होते, आपल्या भगवंतासाठी मुलगी पाहायला. या भगवंताला वच्छलानं मावसबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं. पंगतीत वाढता वाढता त्यानं कढी स्वतःच्याच धोतरावर सांडली आणि सगळ्यांच्या आधी तोच हसला. तेव्हापासून पोरीच्या मनात तो होता. हे स्थळ मोडलं तर पुढचं येणार नाही, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबा, याले पाणी लागलं तं?"

"लागते कायले? तू का मासोळी हायस?"

गेरू, हळद, काजळी वाटून त्यानं कातडीचा रंग केला. तीनदा लावला, तीनदा पुसला. रंग जुळला, पण त्याला तो मढ्यावानी वाटला. कारागिराचा हात तो, गुमान बसतो होय! पुन्हा सगळं पुसून त्यानं खाली चिमूटभर अभ्रक घातलंच. मग मात्र हात जिवंत झाला.

"माय वं!" दारातून माणिकबाई, वच्छलाची आई, म्हणाली. "रंग कुठून सुरू होते तेच समजत नाही."

वच्छला तो हात खालीवर फिरवून पाहत राहिली. किती वर्षांनी तिनं तो पदराबाहेर काढला होता. तिला रडू आलं. बापानं दरडावलं, तशी तिनं ते गिळलं.

मंडळी आली. चालून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव, सगळं झालं. नत्थुजींनी हात निरखून पाहिला आणि समाधानानं मान हलवली. भगवंतानं दोनदा चोरून पाहिलं. "पोरगी सुलक्षणी हाय," नत्थुजी म्हणाले. आत साखर काढायची घाई उडाली.

जेवणाआधी नत्थुजी हात धुवायला मागच्या अंगणात आले. जानराव तांब्या उचलायला धावला.

"राहू द्या वो इवाईबुवा. सूनबाईच्या हातचं पाणी घेऊ द्या."

वच्छलानं तांब्या वाकवला. पाणी काठावरून तिच्या बोटांवर आलं, बोटांवरून मनगटावर. ऊन डोक्यावर होतं. हात हिरवा झाला, निळा झाला, जांभळा होऊन चमकला.

नत्थुजी ओरडले नाहीत. तांब्या रिकामा होईपर्यंत त्यांनी शांतपणे हात धुतले, मागे कोणी नाही ना ते पाहिलं आणि उपरण्याला हात पुसले. वच्छलानं तो हात पदराखाली ओढला. तरी मन वेडं! माणूस भला आहे, पदरात घेईल, असं तिच्या मनानं घेतलं.

"जानराव, सोयरीक काई जमत नाही," ते हळूच म्हणाले. "पण मी बोंब नाही करणार. पोरीच्या जातीचा सवाल हाय."

"पाया पडतो, नत्थुजी. पोट्टी गुणाची हाय."

"असन ना. पण माह्या शकुनच्या गळ्यावर बी कोडच हाय. एक पोरगी झाकून राहिलो, त्यात सून बी तशीच आणली तं लोक मलेच हसतीन." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तिले पाह्याले पुनवेले अकोल्याची मंडळी येऊन राहिली. तुमी या, तिच्या गळ्याले हाच रंग लावून द्या. कोरडा तं मले बी नाही ओळखू आला. फक्त पाण्यात असा फुटला नाही पायजे."

वच्छलानं बापाकडे पाहिलं. आता हा तांब्या भिरकावेल, याला शिव्या घालेल, निदान रडेल तरी!

जानरावानं तिचा ओला हात धरून उन्हात नेला. तिरपा केला, सरळ केला, अंगठ्यानं घासून पाहिला. तोंडाकडे तिच्या त्यानं पाहिलंच नाही.

"अभ्रक जास्त झालं," तो म्हणाला. "येतो मी. पुनव लांब हाय, तोवर इच्यावर लावून लावून पाह्यतो."