मानाचं बटण

शिबिरातले साहेब म्हणाले होते, "पदवी घेऊन नोकरी मागू नका, नोकऱ्या द्या. गावात काय कमी आहे ते हेरा आणि तेच विका."

भिवपुरीच्या वीजघराचे दिवे नामाच्या गावातून दिसायचे, पण गावात मिट्ट काळोख. बी.ए. झालेल्या नामानं रिकाम्या डब्यांपासून रॉकेलच्या चिमण्या बनवायचा कारखाना टाकला आणि वाडीवरच्या सोमीसकट चौघींना कामाला लावलं.

तीन वर्षांनी गावात वीज आली. कॉलेजात असल्यापासून विजेचे सगळे अर्ज नामानंच लिहिले होते, म्हणून पहिलं बटण दाबायला लोकांनी त्यालाच हट्टानं पुढं केलं.

बटण दाबलं. लख्ख उजेड पडला, टाळ्या वाजल्या.

मागून सोमीनं हळूच विचारलं, "दादा, उद्या कामाला येऊ ना?"