काठावरची मोहरी

चाचणीच्या शेतात सर माझ्या मोहरीच्या वाणातल्या काठावरच्या झाडांना शेंगा मोजणीच्या चिठ्ठ्या बांधत होते. काठावर ऊन जास्त मिळतं, शेंगा भरमसाट लागतात, म्हणून ती झाडं मोजायची नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलेलं.

“सर, ही कशी चालतील?”

“अगं, सगळ्या वाणांत तुझाच पहिला येईल. अभिनंदन!” त्यांनी हसत हात पुढे केला.

मोहरीवरचा चिकट मावा रोज बोटांना लागतो. त्या किड्यांची मला कधी किळस आली नाही. सरांचा हात मात्र हातात घेतला आणि लगेच सोडवून घेतला.

ते गेल्यावर काठावरच्या चिठ्ठ्या सोडवून मधल्या ओळींत, न बघता हाताला लागतील त्या झाडांना बांधल्या. तिथं शेंगा विरळच होत्या. पडू दे वाण.

मग नळावर साबणानं हात घासले. मावा केव्हाच निघाला होता. मी घासतच राहिले.