धर्माचा हाळ्या

जयवंत माटुंग्याच्या शेताच्या बांधावर पोचला तेव्हा त्याच्या वहिनीचा घसा पार बसला होता, तरी ती ओरडतच होती. "होऽऽ हो, उडा, उडा!" भात पिवळं पडलं होतं. शेतातल्या खोपीच्या शेंड्यावर हाळ्या बसला होता आणि मान तिरकी करून तिचं ऐकत होता.

हाळ्या दिसायला काही खास नाही. पारव्याएवढा, चिखलाच्या रंगाचा, गळ्याखाली तांबडा पट्टा. पण जन्मला त्या शेताचा बांध तो कधी ओलांडत नाही. मालक शेतात जे बोलेल तेवढंच तो उचलतो, त्याच्याच आवाजात, आणि दिवसभर ओरडून चिमण्यांना पिटाळतो. मालक मेला तरी महिनाभर तो मालकाच्याच आवाजात बोलतो. त्या महिन्यात जो रोज शेतात हाळी घालील त्याचा आवाज मग हाळ्या धरतो आणि जुने शब्द कायमचे टाकून देतो. शेतही त्याचंच होतं. कागद सरकारला, हाळ्या गावाला, अशी तिथली रीत.

जयवंतच्या थोरल्या भावाला, धर्माला जाऊन पंधरा दिवस झाले होते. गाठीच्या तापाचं साल. सरकारी माणसं रोगी शोधत घरोघर फिरत आणि गाडीत घालून इस्पितळात नेत. गेलेला माणूस क्वचितच परत येई, म्हणून लोक आपली माणसं पोटमाळ्यावर, गवताच्या गंजीत, जागा मिळेल तिथे लपवत. धर्माला मात्र गाडी घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी तो इस्पितळातच आटोपला, असा निरोप त्याच्या बायकोनं, गुणवंतीनं लालबागेत जयवंतकडे धाडला होता.

जयवंत तेव्हा खूप रडला. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात सुटकाही होती. चारच दिवस आधी मासळीवाली काशीबाई त्याच्या खोलीशी येऊन सांगून गेली होती की धर्मा तापानं फणफणलाय, सारखी तुझी आठवण काढतोय, एकदा तोंड दाखवून जा. त्याच्या चाळीतून त्याच आठवड्यात दोन तिरड्या उठल्या होत्या. तो उद्या येतो म्हणाला, आणि उद्याचं परवा करत राहिला. मग इस्पितळाची बातमी आली. तिथे कुणाला आत सोडतात? गेलो असतो तरी दारातूनच परत यावं लागलं असतं. एवढ्या एका विचारावर त्याच्या घशाखाली दोन घास उतरत होते.

जयवंत कामाला होता ती गिरणी आता अर्धी ओस पडली होती. बापाचं शेत तेवढं उरलं होतं. आणि लोक सांगत होते की वहिनी सुतक फिटायच्या आतच बांधावर उभी राहिली, फटफटल्यापासून दिवे लागेपर्यंत हाळी घालते. नवऱ्याची राख थंड झाली नाही तोवर हिला शेताचे वेध. जयवंतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटेत विहिरीपाशी गावच्या वडीलधाऱ्या अण्णांनी त्याला अडवलं. तिला घालू दे हाळी, महिना भरला की ये, असं ते खाली बघत म्हणाले. सगळा गाव तिनं फितवला, हे जयवंतनं तिथेच ओळखलं.

त्याला पाहताच गुणवंती ओरडायची थांबली आणि लगबगीनं येऊन आडवी उभी राहिली. पंधरा दिवसांत ती निम्मी झाली होती. जयवंत म्हणाला की शेत माझ्या बापाचं आहे, आजपासून हाळी मी घालणार.

तिच्या घशातून धड शब्द निघत नव्हते. "शेत तुमीच घ्या, भावजी. अण्णांसमोर तसं सांगते. पन आजून पंधरा दिवस मला वरडू द्या. तवर हितं पाय ठेवू नका."

"एवढा दूधखुळा नाही मी, वैनी."

पंधरा दिवसांनी हाळ्या हिचा, मग कसले अण्णा आणि कसलं सांगणं! तिला बाजूला सारून तो सरळ खोपीकडे चालू लागला. मागून तिनं पुन्हा ओरडायला तोंड उघडलं, पण नुसती हवा निघाली. घसा साफ गेला होता. ती टाळ्या वाजवत, हात हलवत त्याच्यामागे धावली. जयवंतनं खोपीसमोर उभं राहून तोंडाभोवती तळवे धरले. एवढ्यात हाळ्या बोलला.

"होऽऽ हो, उडा, उडा!"

धर्माचा आवाज. भरदार, थोडा चेष्टेखोर, होता तस्सा. जयवंतचे हात खाली आले. डोळे भरून आले. भाऊ पाठीशी उभा आहे असं त्याला वाटलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. बोल बाबा, आणखी बोल, असं तो मनात म्हणाला.

हाळ्यानं गळा फुगवला. आवाज धर्माचाच होता, पण हा चिमण्यांना नव्हता. बारीक, सुकलेला, पडून असलेल्या माणसाचा. तो हाळ्यानं खालून उचलला असणार, या खोपीतून. धर्मा इस्पितळात गेलाच नव्हता. चार दिवस तो इथे होता, लपवलेला, आणि गावातलं पोर न् पोर ते जाणून होतं. गुणवंतीनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. हाळ्या विचारत होता, थोडा थांबत होता, पुन्हा विचारत होता.

"जया आला का गं?"