एक शब्द नुसता

इंदुमतीबाईंच्या दंडावरचा पट्टा आवळला. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. व्हिसाची वैद्यकीय तपासणी आता यंत्रच करायचं.

"गोळ्यांमुळे तुमचा रक्तदाब उत्तम आहे," यंत्र म्हणालं. "आता देश सोडण्याचं वाक्य म्हणा. आकडा एकशे साठच्या वर गेला, तर तुमच्या मनाची तयारी नाही असं धरलं जाईल."

ही तिसरी आणि शेवटची खेप होती. टोरांटोहून हृषीकेश रोज फोनवर बजावायचा, "आई, एक शब्द आहे नुसता. घोकून ठेव, बीपी वाढणार नाही." महिनाभर त्यांनी तो रिकाम्या घरात भिंतींना म्हणून दाखवला होता.

"मी इथून कायमची..." त्या अडखळल्या. घरातून निघताना हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात तोंडातून काढला नव्हता. काढला होता तो त्यांच्या यजमानांनी, एकदाच. बायपासला निघताना दारात चपला घालता घालता ते बोलून गेले होते, "जातो गं." आणि परत आलेच नाहीत.

"...जाते," इंदुमतीबाई म्हणाल्या.

पडद्यावर लाल आकडा उमटला, एकशे ब्याण्णव.

"अर्ज नामंजूर," यंत्र म्हणालं आणि पट्टा सैल झाला.

त्यांनी पिशवी उचलली. दारापाशी पोचल्यावर सवयीने तोंडातून निघून गेलं, "बरं, येते हं."

मागून कोणी 'या' म्हणेल म्हणून त्या क्षणभर थांबल्या.

"पुन्हा येण्याची आवश्यकता नाही," यंत्र म्हणालं.