डाव्या हाताचं रीळ

“जड आहे,” त्रिविक्रमराव म्हणाले आणि आणखी एक काठी त्यांनी परत केली.

बसवंतने ती कपाटात ठेवली. कंटोन्मेंटमधलं त्याचं दुकान एवढंसं, पण गळ, काठ्या, रिळं असं मासे धरायचं विलायती सामान चांगलं मिळायचं ते त्याच्याकडेच. साहेबलोक गेले तरी दुकान तगलं, ते त्रिविक्रमरावांसारख्या नादिष्ट गिऱ्हाइकांच्या जिवावर. नादिष्ट तरी किती? घरात मासा शिजत नाही, म्हणून दिवसभर उन्हात झुंजून पकडलेला महाशीर ते पुन्हा कावेरीत सोडून यायचे. यशवंतपूरचे शेजारी डोक्याला हात लावायचे.

त्यांची सून कौशल्या दुकानाच्या दाराशी उभी होती. तिला माशांतलं काही कळत नव्हतं. पण एकदा सगळं घर नदीवर सहलीला गेलं होतं, तेव्हा तिने मामंजींना गळ टाकताना पाहिलं होतं. काठी मागे गेली, पुढे आली आणि दोरी लांबवर अशी अलगद उतरली की पाणीसुद्धा हललं नाही. माणसाच्या हातून इतकं देखणं काही होताना तिने त्याआधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवी मूठ मात्र वळेना. त्यांनी वेताची जुनी काठी कोणाला तरी देऊन टाकली आणि कावेरीचं नाव घरातून गेलं. सकाळी मागच्या ओसरीवर येऊन बसायचे, कौशल्याचं धुणं वाळत पडलं की उठून आत जायचे. बाकी दिवस भिंतीकडे तोंड. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत विझतोय, हे तिला बघवेना. मग जन्मभर ज्यांनी गळ टाकले त्यांनाच तिने गळ घातली: नवी काठी घ्या, एकदा नदीवर चला. महिनाभर ऐकून घेऊन शेवटी ते म्हणाले, “येतो. पण निवडणार मी.”

“ती हलकी, फायबर-ग्लासची दाखव,” त्रिविक्रमराव आता म्हणाले.

बसवंत थबकला. “अण्णा, ग्लासची काठी बायकांनी धरावी म्हणून तुम्हीच म्हणत होता की.”

“म्हणत होतो. दाखव.”

कौशल्याने रस्त्याकडे बघितलं. तिला ते ऐकवलं नाही.

ग्लासची काठी आली. त्यांनी ती डाव्या हातात तोलली, शेंडा हलवून बघितला, मान डोलावली. मग काठीच्या मुठीवरून बोटं फिरवली. “मूठ जाड आहे. बारीक दे.”

“ह्याहून बारीक तुमच्या हाताला बसायची नाही, अण्णा.”

“बारीक दे.”

बारीक मुठीची मिळाली. मग आमिषांचा खोका निघाला. पिसांच्या माश्या, लाकडाचे रंगीत मासे. त्यांनी ते बाजूला सारले आणि पितळेचा एक चकचकीत चमचा उचलला. दांडा नाही, मागे नुसता गळ.

“हा चमचा?” कौशल्याला हसू आलं.

“पाण्यात लकाकतो. माशाला वाटतं, लहान मासा पळतोय,” बसवंत म्हणाला आणि त्याने तो तिच्यापुढे धरला. तिचा डावा हात पुढे झाला. तिने तो चटकन मागे घेतला आणि उजवा पुढे केला. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत सासूबाईंनी तिच्या डाव्या हातातली पळी सगळ्यांदेखत काढून उजव्यात दिली होती. “आमच्याकडे डाव्या हाताने वाढत नाहीत.” मामंजी तेव्हा खाली मान घालून जेवत होते. सासूबाई गेल्या, पण चार माणसांत डावा हात आवरायची सवय राहिली ती राहिलीच.

“आता रीळ,” त्रिविक्रमराव म्हणाले. “डाव्या हाताने टाकणाऱ्याचं दे.”

बसवंतने त्यांच्या लुळ्या उजव्या मुठीकडे पाहिलं आणि नजर वळवली. “तसलं कोण मागत नाही, अण्णा. एका साहेबासाठी मागवलं होतं, तो न्यायला आलाच नाही. स्वल्प थांबा, बघतो.” तो आत गेला.

कौशल्याला अपराधी वाटलं. उजवा हात गेला हे त्यांच्याच तोंडून वदवायला का आपण त्यांना इथे आणलं? पण दुसऱ्याच क्षणी तिला त्यांचा अभिमान वाटला. आयुष्यभर ज्या हाताने नुसती साथ केली, त्याला या वयात सगळं पहिल्यापासून शिकवायला निघालेत. हलकी काठी मागायला लाजले नाहीत, बारीक मूठ मागायला लाजले नाहीत. तिला वाकून नमस्कार करावासा वाटला.

रीळ मिळालं. हँडल उजवीकडे, म्हणजे काठी धरायला डावा हात मोकळा. बसवंतने ते पुसलं, काठीवर बसवलं, दोरी ओवली, टोकाला चमचा बांधला. त्रिविक्रमरावांनी रीळ थोडं फिरवून कानाशी धरलं आणि कितीतरी दिवसांनी हसले.

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले. मग वळून त्यांनी काठी सुनेपुढे केली. “धर, सूनबाई.”

घरी न्यायला देताहेत असं समजून कौशल्याने उजवा हात पुढे केला. त्यांनी काठी मागे घेतली.

“त्या हातात नाही.”

“मामंजी, पण ही तर तुमच्यासाठी...”

“माझं टाकून झालं. मी शेजारी बसून बघणार.” त्यांनी तिचा डावा हात पदराआडून बाहेर घेतला आणि ती बारीक मूठ त्यात ठेवली. मूठ तिथे नेमकी बसली. “मागच्या अंगणात, उंच दोरीवर, न बघता ओली साडी भिरकावतेस ना? तसंच टाकायचं. त्याच हाताने.”