खिडकीची खुर्ची

"धाव बाई, धाव. मशीन भरून तयार आहे. कुणी विचारायच्या आत बसव त्याला."

तो आवाज शिंपिणीच्या कानात अजून होता. डायलिसिसच्या दारात एका अनोळखी बाईने तिला असं म्हणून आत ढकललं होतं. सुजलेल्या नवऱ्याला सावरत शिंपीण आत धावली. खिडकीजवळची खुर्ची मिळाली. मागे वळून बघायचं राहूनच गेलं. ती खुर्ची त्या बाईच्या नवऱ्याची होती आणि तो आता कधीच येणार नव्हता, हे तिला नंतर कळलं.

नंतर सगळंच कळलं. खुर्च्या मोजक्या, माणसं उदंड. खुर्ची रिकामी झाल्याचं आधी ऑफिसात कळलं, तर ती कुणा बड्या माणसाच्या वशिल्याच्या फोनवर जाते. पण सलाइन भरून ठेवलेलं मशीन वाया घालवता येत नाही. हाक मारून कुणी आलं नाही, की सिस्टर दारातल्या बाकावरचा माणूस आत घेते, आणि एकदा बसलेल्याला कुणी उठवत नाही. म्हणून बाकाची एक रीत पडली होती. ज्याचं माणूस गेलं, त्याने आधी बाकावर सांगायचं. रडायचं मागाहून.

हल्ली त्या बाकावर एक आई तिच्या पोरीला घेऊन बसायची. पोरीचा चेहरा मळलेल्या कणकेसारखा फुगलेला. आई दर खेपेला विचारायची, "ताई, कसे आहेत आज?" आणि उत्तराची वाट न बघता शिंपिणीच्या नवऱ्याच्या पायांवरची सूज न्याहाळायची. शिंपिणीच्या अंगावर काटा यायचा.

"मेलं गिधाड," ती पुटपुटायची.

"असू दे गं," नवरा हसायचा. "एवढी वाट तू तरी बघितलीस का कधी माझी?"

त्याच्या मनगटाजवळ, सुया टोचायच्या त्या हातात, एक शीर गुणगुणायची. हातात भुंगा कोंडल्यासारखी. भुंगा वाजतोय तोवर काळजी नाही, डॉक्टर म्हणाले होते. रोज डोळा उघडला की शिंपीण आधी तिथे कान लावायची, मग चहाचं आधण ठेवायची. आजही तिने कान लावला. बराच वेळ लावला. मग गोधडीची घडी केली. मशीनमधून फिरून आलेलं रक्त गार लागतं, म्हणून उरल्यासुरल्या तुकड्यांची तिनेच ती शिवली होती. घडी काखेत मारली, दाराला कुलूप घातलं आणि बस धरली.

आई बाकावरून उठून उभी राहिली. "ताई, एकट्याच?"

"मागून येताहेत. पायऱ्या चढायला वेळ लागतो."

आणि शिंपीण बाकाच्या टोकाला टेकली. आजवर ती तिथे कधी बसली नव्हती. ऑफिसातला माणूस फोन कानाला लावूनच दारात आला. "थांबा साहेब, बघून सांगतो," तो म्हणाला आणि त्याची नजर बाकावरून फिरली. शिंपिणीने ओठ घट्ट मिटले. तिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता तोवर नवरा येतच होता, कठड्याला धरून, दम खात, एकेक पायरी.

"खिडकीची खुर्ची!" आतून सिस्टरची हाक आली. "चला, मशीन भरलंय!"

कुणी हललं नाही. पोरीचा श्वास तेवढा घरघरत होता, जुन्या शिलाई मशीनचं चाक अडकत फिरावं तसा. ऑफिसातला माणूस जिन्याकडे वळून बघू लागला.

"खिडकीवाले आले नाहीत का आज?"

शिंपीण उठली. तिने गोधडी उलगडली आणि पोरीच्या खांद्यांभोवती घट्ट गुंडाळली.

"धाव बाई, धाव, आत बसव हिला," ती आईला म्हणाली. "ही राहू दे तिच्या अंगावर, आत फार थंडी वाजते. यांना आता गोधडी लागायची नाही."